पेवातला कंदील

अण्णा, तुम्ही खरं बोलत होतात. हे वाक्य आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही भरकटले तरी एवढं कागदावर राहील. भरकटणार तर आहेच, कारण गेले दोन महिने डोक्यात नुसता गुंता झालाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मागोमाग आई गेली, मी चाळिशी ओलांडली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, आणि आता मला कळतंय की त्या दिवशी पेवाच्या तोंडाशी काय झालं याबद्दल अख्खं गाव चुकलं होतं, आणि गावाला चुकवणारी मी होते. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण झोपा तरी धड झालाय का, तेही मला नक्की सांगता येत नाही.

पेव म्हणजे काय हे साताऱ्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना हल्ली समजावून सांगावं लागतं. मी सांगते, की सांगलीजवळच्या नदीकाठच्या आमच्या गावात जमिनीच्या पोटात दोन-तीन पुरुष खोल खड्डे खणलेले असायचे. वर तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं, त्यावर फरशी आणि माती. पेठेतल्या व्यापाऱ्यांची हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची आणि तिला कीड लागायची नाही, कारण आत श्वास घ्यायला हवाच नसायची. मग मुलं विचारतात, मॅडम, माणूस उतरायचा कसा? तेव्हा मी तुमच्याबद्दल सांगते, पण ‘माझे वडील’ असं म्हणत नाही, ‘तिथली माणसं’ म्हणते. तिथली माणसं फरशी काढून चार-सहा तास तोंड उघडं ठेवायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायची. कंदील विझला तर थांबायचं, जळत राहिला तर उतरायचं. मुलांना हे फार आवडतं. वहीत लिहून घेतात.

त्यांना मी हे सांगत नाही, की तुम्ही आदल्या संध्याकाळी कंदिलाची काच चुलीतल्या राखेनं पुसत बसायचात. मी सात-आठ वर्षांची आहे, आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीच्या उजेडात काच फिरवून फिरवून बघताय. आई म्हणते, आवं, पुरे की आता, झिजंल ती. तुम्ही म्हणता, याच्याच भरवशावर मी खाली जातोय, तुझ्या भाकरीच्या न्हवं. आई रागावते, पण पहिली भाकरी तुमच्याच ताटात पडते. तिच्या पदरावर हळदीचे डाग असायचेच. तुमचे कपडे धुऊन धुऊन ते लागायचे आणि साबण लागला की पिवळ्याचे लाल व्हायचे. मला त्याचं भारी नवल वाटायचं. पुढं रसायनशास्त्राला गेले ती त्या डागांपायीच, असं मी मुलाखतीत एकदा सांगितलं होतं आणि तिथले लोक कौतुकानं हसले होते. पाणी आंबट आहे का साबणी, हे हळद सांगते. म्हणजे सांगणारा रंग मी घरातच बघितला होता. पण त्या रंगाचं सांगणं ऐकायचं असतं, हे कुठं शिकले?

त्या वर्षी पूर आला आणि पेवांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर गावाला जो वास यायला लागला तो मला अजून आठवतो. कुजलेली हळद, नदीचा गाळ, सडलेल्या अंड्यासारखं काहीतरी. सगळं एकात एक. तोवर कधी कुणी पुरानंतर पेव उघडलं नव्हतं, कारण तसा पूरच कुणी बघितला नव्हता. व्यापाऱ्यांना निदान वरचा माल तरी वाचतो का ते बघायचं होतं. तुम्ही आणि मामा, तुमचा जन्माचा जोडीदार, खरा मामा नव्हे पण मी त्याच्या खांद्यावर बसून उरूस बघितलेला, दोघं जण पेव उघडायला गेलात. मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजला जाता जाता तुमचा डबा दिला. तुम्ही कंदील वर ओढून घेतलात, विझवलात, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, खिळ्याला अडकीव. मी अडकवला आणि बस पकडायला पळाले. संध्याकाळी परत आले तेव्हा मामाला अंगणात झोपवलं होतं आणि मामी ओरडत नव्हती, नुसती बघत होती.

तुम्ही सगळ्यांना एकच सांगत होतात. कंदील सोडला हुता. जळत हुता. मग त्यो उतरला. उतरल्यावर म्हणाला, लय वास मारतंय गड्या. मी म्हणलं, ये वर. तर जरा वेळानं म्हणतोय कसा, आता वास न्हाई, गेला वास. आणि मग बोललाच न्हाई. तुम्ही स्वतः उतरायला निघालात तेव्हा चार जणांनी तुम्हाला धरून ठेवलं, गळ टाकून त्याला वर काढला. हे सगळं तुम्ही त्या दिवसांत किती वेळा सांगितलं असेल. लोक ऐकायचे आणि एकमेकांकडं बघायचे. वास एकदम जाईल कसा? कंदील जळत होता तर माणूस मरेल कसा? पिढ्यान्‌पिढ्या कंदिलानं कधी फसवलं नव्हतं. त्यामुळं फसवणारा माणूसच असणार, असं त्यांना वाटलं. व्यापाऱ्यानं घाई केली असेल, यानं कंदील सोडलाच नसेल आणि आता झाकतोय. तोंडावर कुणी बोललं नाही, पण बोलायला वेळही लागला नाही.

मामाचे दिवस झाल्यावर देवळाच्या ओट्यावर सगळे बसले होते. तुम्ही खांबाला टेकून, मी मागे बायकांत. कुणीतरी म्हणालं, आवं, हिला इचारा की, ही त्येच शिकतीया. आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. एकोणीस वर्षांच्या मुलीकडं, गावातल्या कर्त्या माणसांनी. अण्णा, तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी उभी राहिले, ओढणी सारखी केली आणि पुस्तकातलं सांगितलं: ज्या हवेत माणूस मरतो त्या हवेत दिवा जळत नाही. जळायलाही तीच हवा लागते आणि जगायलाही. वाक्य स्वच्छ होतं. एक शब्दसुद्धा अडखळला नाही. एक म्हातारा म्हणाला, बघा, पोरगीच बोलली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. मला वाटतं, तुम्ही फक्त खात्री करून घेत होतात की हे मीच बोलले. मग खाली बघितलंत, आणि त्यानंतर कंदिलाचा विषय तुमच्या तोंडून कधी आला नाही.

तुम्ही मला रागावलात तरी असतं तर बरं झालं असतं. लहानपणी पेवाच्या कडेला खेळताना दिसले तेव्हा तुम्ही मला एकदा फोडून काढलं होतंत, ते मला कळलं होतं. हे कळलं नाही. पेवांचं काम सोडून तुम्ही कुपवाडला कोल्ड स्टोरेजवर वॉचमन म्हणून लागलात. हळदच राखायची, पण वर, पत्र्याच्या शेडात. मी एम.एस्सी.ला साताऱ्याला निघाले तेव्हा तुम्ही स्टँडवर आलात आणि पिशवीतून एक नवीकोरी बॅटरी काढून दिलीत, दोन सेलची, चांदीसारखी. म्हणालात, “घे. ही कुठंबी लागती. पण सांगत कायबी न्हाई, एवढं ध्येनात ठेव.” मला वाटलं, हॉस्टेलात लाईट जातात म्हणून दिली. मी हसून म्हटलं, अण्णा, बॅटरीनं काय सांगायचं असतं? तुम्ही म्हणालात, बस लागली. पेवावरच्या अपघाताला चार वर्षं होत आली आणि तुम्ही छातीच्या दुखण्यानं गेलात. बॅटरी माझ्याकडं अजून आहे. सेल घातले की लागते, आणि तुम्ही म्हणाला होतात तसंच, काही सांगत नाही.

आता गंमत ऐका. तुमच्या लेकीनं पुढची सगळी वर्षं सांगणारे दिवे करण्यात घालवली. त्यांना प्रोब म्हणतात. एक रंग असतो, अतिनील दिव्याखाली धरला की हिरवा चमकतो. त्याला आम्ही तांबं बांधतो. तांबं त्याचं तोंड दाबून धरतं, रंग गप्प बसतो. पाण्यात सल्फाइड असलं, म्हणजे सडलेल्या अंड्याच्या वासाचं जे मूळ ते, तर ते तांब्याला ओढून नेतं आणि रंग बोलायला लागतो. तुमचा कंदील विझला की धोका. माझा पेटला की धोका. त्यातही भानगड अशी, की पाणी आंबट आहे का साबणी यावर रंगाची चमक कमी-जास्त होते, मग तो खोटं बोलतो. म्हणून त्याच्या शेजारी दुसरा रंग ठेवावा लागतो, जो फक्त पाण्याचा आंबटपणा सांगतो. दोघांचं ऐकायचं, तेव्हा कुठं खरं कळतं. आणि पाणी आंबट झालं की सल्फाइड पाण्यात राहत नाही, वायू होऊन वर उठतं. कुजणारी हळद पाणी आंबट करते. हे सगळं मला माहीत होतं. फळ्यावर दर वर्षी लिहीत होते. आणि तरी, अण्णा, माझ्या डोक्यात तो वर्ग एका खोलीत होता आणि आपलं पेव दुसऱ्या, आणि मधलं दार मी कधी उघडलं नाही. का उघडलं नाही, ते विचारू नका. मीच विचारतेय.

दोन महिन्यांपूर्वी वर्गात हाच धडा चालला होता. कुपवाडची एक मुलगी आहे, तिचे वडील कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाक्या साफ करतात. तिनं हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, पप्पा टाकीत उतरताना मेणबत्ती सोडून बघतात. तेवढं चालतं ना?” मी फळ्याकडं तोंड करून होते. लिहितालिहिता म्हणाले, नाही चालत. हा वायू माणूस मारण्याइतका असला तरी हवा संपलेली नसते. मेणबत्ती खुशाल जळत राहील. वासावरही जाऊ नको, जास्त झाला की हा वायू नाकच मारून टाकतो, माणसाला वाटतं वास गेला. घरी फोन करून आजच्या आज त्यांना सांग. एवढं बोलले आणि हातातला खडू फळ्यावर तसाच राहिला. ‘आता वास न्हाई, गेला वास.’ मामाचे शब्द माझ्याच तोंडून, शुद्ध मराठीत, विद्यार्थ्यांपुढं निघाले होते. मुलीनं मान डोलावली. मी वर्ग लवकर सोडला. शिपायानं विचारलं, बरं नाही का, तर मी म्हटलं, वास येतोय कसला तरी. कसलाही वास येत नव्हता.

मग मी मूर्खासारखी पुरावा शोधायला निघाले. सुट्टीच्या दिवशी गावी गेले. आपलं ते पेव केव्हाच बुजवलंय, वर कुणाची तरी गाडी उभी असते. शेजारचं एक अर्धवट ढासळलेलं होतं, त्यातला गाळ लांब दांड्याला डबा बांधून काढला. पोरं जमली, म्हणाली, काकी सोनं शोधतीया. साताऱ्याला आणून प्रोब टाकला, दिव्याखाली धरला. हिरवागार चमकला. मग शास्त्र पाळायचं म्हणून नदीकाठचा चिखल तपासला, तो चमकला. कॉलेजच्या मागच्या गटारातला तपासला, तो चमकला. कुठलाही कुजका चिखल चमकतो, अण्णा, त्यातून त्या दिवसाचं काहीच सिद्ध होत नाही. मला आधीच माहीत होतं की असंच होणार. मग मी कशाला गेले होते? कुणाला दाखवणार होते? ओट्यावरची निम्मी माणसं तर गेली.

त्याहून वाईट म्हणजे पेशी. जिवंत पेशीत हाच प्रोब सोडून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, आणि तिथंही हिरवे ठिपके दिसतात. माणसाचं शरीर स्वतःच हा वायू करतं. थोडासा, मोजकाच. त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात, पेशी एकमेकींना काही कळवतात म्हणे. ज्यानं मामाला मारलं ते माझ्या आत आत्ता हे लिहिताना तयार होतंय आणि ते नसतं तर माझं बरं चाललं नसतं. हे मी शोधनिबंधात लिहिलंय, त्यावर लोकांनी मान डोलावलीय. पण तुम्हाला सांगायला बसले तर मला ते नीट कळत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, पुराणातली वांगी पुराणात, जेव आता. मी जेवले असते.

शेवटी मामीकडं गेले. ती आता लेकीकडं रहिमतपूरला असते. डोळ्यांना कमी दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग मी तिला सांगितलं. जेवढं सोपं करता आलं तेवढं करून. की दिवा जळत असतानाही माणूस जातो, की वास गेला असं वाटतं, की अण्णा खरं बोलत होते. ती बोटांनी पातळाची किनार चाचपत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी तुजा बा खोटं बोलत न्हवता?” मी म्हटलं, नाही. “त्यो आला हुता माज्या दारात. चार डाव आला. मी पाणीबी इचारलं न्हाई.” मला हे माहीत नव्हतं, अण्णा. तुम्ही चार वेळा गेलात हे तुम्ही घरात सांगितलं नव्हतंत. तिची लेक आत निघून गेली. मामीनं माझा हात शोधला, धरला, आणि अगदी सरळ, राग नाही का काही नाही, विचारलं, “मग तवा तू तसं का म्हणलीस, पोरी?”

मी म्हटलं, मामी, मला तेव्हा माहीत नव्हतं. लहान होते, पुस्तकात तेवढंच होतं. तिनं मान हलवली, म्हणाली, व्हय, शिकत हुतीस. हात सोडला नाही. येताना तिनं मला ओवाळणीसारखी एक हळकुंडांची पुडी दिली, म्हणाली, बाच्या फोटोपुढं ठेव, माझ्या नावानं. बसमध्ये ती पुडी मांडीवर घेऊन मी बसले होते आणि कोरेगाव येईपर्यंत मला एवढंच वाटत होतं की मी माफी मागायला गेले होते आणि माफी घेऊन आले, पण ज्यासाठी मागायची होती त्यासाठी नव्हे. मामीनं माफ केलं ते अज्ञानाला.

पुडी ठेवलीय फोटोपुढं. शेजारी बॅटरी. हे पत्र त्याखाली ठेवणार आहे. दुसरीकडं कुठं टाकायचं मला सुचत नाही, आणि फाडायचं धाडसही नाही. तुम्हाला वाचून दाखवायला कुणी नाही हे एका अर्थी बरंच आहे, कारण मामीला जे सांगितलं नाही ते आता लिहायचं आहे आणि ते कुणी मोठ्यानं वाचलेलं मला सोसणार नाही.

त्या सकाळी तुम्ही कंदील वर ओढलात तेव्हा मी कडेलाच उभी होते. वात जळत होती. तुम्ही काच उचलून फुंकर मारलीत ती माझ्यासमोर. मी तो हातात घेतला तेव्हा त्याच्या बुडाला ताजा, पिवळा राडा लागलेला होता, तळाला टेकूनच वर आला होता तो. माझ्या ओढणीला तो राडा लागला आणि संध्याकाळी साबण लावल्यावर लालभडक झाला. ओट्यावर उभी राहिले तेव्हा हे सगळं मला आठवत होतं. विसरले नव्हते, अण्णा. पण पुस्तक म्हणत होतं की असं होऊ शकत नाही, आणि सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मला वाटलं की मी बघितलं तेच चुकलं असणार.

कंदील खिळ्याला अडकवताना तापलेली काच बोटांना लागली होती. दोन बोटांवर टरारून फोड आले. त्या रात्री, बाहेर कंदिलावरून कुजबूज सुरू झाली असताना, आईनं त्यावर हळद लावत विचारलं, कशानं गं भाजलं? मी म्हटलं, तवा लागला.